म्युझिकसाठी लॅपटॉप: आजच्या सल्ल्यांमागचा जुना राडा

म्युझिकसाठी लॅपटॉप कुठला घ्यावा असं कोणी विचारलं की उत्तरं ठरलेली येतात. मॅक घे, नाहीतर सरळ जाडजूड गेमिंगवाला घे, रॅम १६ च्या खाली बघूच नको, आणि पोर्ट मोजून घे. सल्ले वाईट नाहीत, पण देणाऱ्यांपैकी बरेच जण अजून २००८ च्या आसपासच्या जखमा कुरवाळत बसलेत, त्यामुळे त्या जखमा कसल्या ते माहीत असलं तर सल्ल्यातलं काय घ्यायचं नि काय सोडायचं ते कळतं.

फार मागे जायची गरज नाही. १९८३ ला मिडी आलं, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांना सूर कळवायची भाषा, १९८५ ला अटारी एसटी हा कॉम्प्युटर आला ज्याला मिडीचे पोर्ट कंपनीतूनच लावलेले होते, त्याचा पोर्टेबल भाऊ स्टेसी १९८९ चा. पण तेव्हा कॉम्प्युटर स्वतः वाजत नव्हता, बाहेरच्या कीबोर्डला नुसता हुकूम सोडायचा. १९९६ ला व्हीएसटी (म्युझिक सॉफ्टवेअरच्या आत बसणाऱ्या छोट्या प्लगइनची पद्धत) आलं, इफेक्ट मशीनच्या आत गेले, १९९९ ला वाद्यंपण आत गेली, आणि २००१ ला बर्लिनमधून एबलटन लाइव्ह या स्टेजवर वाजवायच्या सॉफ्टवेअरचं पहिलं व्हर्जन निघालं. तिथून पुढे लॅपटॉप स्टेजवर घेऊन जाण्यात काही अर्थ होता. त्याआधी स्टेजवर लॅपटॉप घेऊन बसणारे होतेच, आणि 'हा वाजवतोय की मेल चेक करतोय' हा जोकपण तेव्हाचाच.

२००२ ची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मॅकवाल्या कंपनीने लॉजिक हे म्युझिकचं सॉफ्टवेअर बनवणारी जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक त्याच वर्षी बंद करून टाकलं. पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर एका दिवसात अनाथ. 'म्युझिक म्हणजे मॅक' हे जे आज सहज बोललं जातं त्यात मशीनच्या चांगुलपणाइतकाच या व्यवहाराचाही हात आहे. पुढे २००७ ला मेनस्टेज आलं, स्टेजवर लॅपटॉपमधले आवाज कीबोर्डवरून वाजवायचं सॉफ्टवेअर, तेही फक्त मॅकवर, आणि कीबोर्ड वाजवणारे कायमचे तिकडे गेले.

आता मुख्य भांडण, फायरवायर, म्हणजे लॅपटॉपला बाहेरचं यंत्र जोडायचं यूएसबीसारखंच एक वेगळं पोर्ट. बफर म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे जेवढे बारीक तुकडे (सॅम्पल) एकदम गोळा करून पुढे सोडतो तो साठा, तो मोठा तितका आवाज उशिरा. आकडे तेवढे लक्षात ठेवा: ४४.१ किलोहर्ट्झवर ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण दीड मिलिसेकंद, २५६ म्हणजे सहाच्या आसपास, १०२४ म्हणजे तेवीस, आणि हे एका बाजूचं झालं, आत-बाहेर दोन्ही धरलं की दुप्पट, वर कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारी चिप) आणि ड्रायव्हर (यंत्र कॉम्प्युटरशी जोडून देणारं सॉफ्टवेअर) यांचं वेगळं. सहापर्यंत कोणाला फारसं कळत नाही, तेवीसला कीबोर्डवाला शिव्या घालतो. त्या काळात आठ-दहा चॅनल (तेवढे माईक-वाद्यं वेगवेगळी) आत घेऊन बफर खाली ठेवायचा तर भरवशाचा रस्ता फायरवायरच होता. यूएसबीचं पहिलं व्हर्जन सेकंदाला १२ मेगाबिटचं, त्यात एवढे चॅनल मावायचे नाहीत. दुसरं आलं ४८० चं, फायरवायर ४०० चं, आणि इथेच सगळा घोळ झाला, कारण कागदावर ४८० मोठा दिसतो. पण फायरवायरचा कंट्रोलर डेटा स्वतःच मेमरीत नेऊन टाकायचा, यूएसबीत डिव्हाइस गप्प बसून असतं, कॉम्प्युटरने विचारलं की बोलतं, आणि कॉम्प्युटर दुसऱ्या कामात अडकला की कानात टिक्क.

ऑक्टोबर २००८ मध्ये १३ इंची अ‍ॅल्युमिनियमचा नवा मॅकबुक आला, दिसायला एक नंबर, किंमत १,२९९ डॉलरपासून, आणि फायरवायर गायब. मजा म्हणजे जुना पांढरा प्लास्टिकचा मॅकबुक ९९९ डॉलरला विकायला होताच, त्याला फायरवायर होतं! म्हणजे स्वस्तातल्याला आहे, महागातल्याला नाही, आणि नवीनच हवा असेल तर १५ इंची प्रो, १,९९९ डॉलर. कंपनीकडून कारण असं आलं की नवे कॅमेरे आता यूएसबीवरच चालतात. कॅमेऱ्याचं ठीक आहे हो, ज्यांनी आठ चॅनलचा फायरवायर इंटरफेस (माईक-वाद्यं लॅपटॉपला जोडायचा डबा) घेऊन ठेवलाय त्यांनी काय करायचं? यूएसबीतून फायरवायर करणारा चालेल असा कुठला डोंगल नव्हता, जादा पोर्टचं कार्ड सरकवायचा एक्सप्रेसकार्डचा स्लॉट त्या १३ इंचीला नव्हता. इंटरफेस विका किंवा लॅपटॉप घेऊ नका, एवढेच दोन मार्ग.

कंपनीच्या बाजूने बोलणारेही होते आणि त्यांचं सगळंच चूक नव्हतं. वर्ष-दोन वर्षांत एका जर्मन कंपनीने स्वतःचा ड्रायव्हर लिहून दाखवून दिलं की यूएसबी २ वर सुद्धा फायरवायरच्या तोडीचं काम होतं, म्हणजे दोष केबलचा नव्हता, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा होता. मान्य. पण तो ड्रायव्हर २००८ ला दुकानात नव्हता आणि नंतर आला तेव्हा सगळ्यांच्या खिशाला परवडणारा नव्हता. माझ्या मते तो निर्णय घाईचाच, आणि कंपनीलाही ते कळलं असावं, कारण आठच महिन्यांनी, जून २००९ ला, त्याच १३ इंचीला 'प्रो' नाव देऊन फायरवायर परत लावलं आणि किंमत शंभर डॉलरने कमी केली. त्याच दिवशी १५ इंचीचा एक्सप्रेसकार्ड स्लॉट काढून तिथे एसडी कार्डाचं भोक दिलं, म्हणजे एक दिलं नि एक घेतलं. पुढे २०११ ला थंडरबोल्ट हे नवं वेगवान पोर्ट आलं, २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमधून फायरवायर पुन्हा गेलं ते अडॅप्टरवर जगलं, आणि २०२५ च्या मॅकओएसमधून तर सपोर्टच काढला. कपाटात फायरवायरचा इंटरफेस असेल तर जुना मॅक विकू नका.

विंडोजवाल्यांचे भोग वेगळे. पोर्ट असायचं पण बारकं, चार पिनचं, त्यातून पॉवर मिळत नाही, इंटरफेसला वेगळा अडॅप्टर लावा. वर चिपची भानगड. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, १३९४ (हे फायरवायरचंच दुसरं नाव) होस्ट कंट्रोलरच्या खाली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स लिहिलं असेल तर पेढे वाटायचे, रिको लिहिलं असेल तर देवाचं नाव घ्यायचं, आणि हे लॅपटॉप विकत घ्यायच्या आधी सांगणारा दुकानदार काही भेटायचा नाही. नंतर शोच्या आधी वायफाय डिसेबल, ब्लूटूथ डिसेबल, बॅटरीच्या खालची ती एसीपीआयची लांबलचक नावाची एंट्री डिसेबल, मग लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर आवाज अडवतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून लाल रेघ येते का बघत बसायचं. प्रोसेसर रिकामा पडलेला असायचा, टिकटिक मात्र चालूच, कारण एखादा वायफायचा ड्रायव्हर मधेच रांग अडवून बसलेला. आणि यूएसबी ऑडिओ क्लास २ (कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय इंटरफेस चालावा म्हणून ठरलेली पद्धत) याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आयता आला तो थेट २०१७ ला. मॅकवर केबल लावली की चालू, इकडे कंपनीचा ड्रायव्हर शोधा, ही तक्रार त्यामुळे इतकी वर्षं टिकली.

मग इंटेलच्या आय-सेव्हन प्रोसेसरची फसवणूक. २०१७ पर्यंत पातळ लॅपटॉपवर आय-सेव्हनचं स्टिकर असायचं आणि आत दोनच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ७५०० यू बघा, १५ वॅटचा. जाड लॅपटॉपमधला ७७०० एचक्यू चार कोअरचा, ४५ वॅटचा. दोन्ही आय-सेव्हन. 'गेमिंगवाला घे' हा सल्ला इथून आला, गेमशी त्याचा काही संबंध नाही, चिपला पूर्ण वॅट आणि पंख्याला जागा मिळते एवढंच. आणि एका ट्रॅकवरचे सगळे प्लगइन बहुतेक एकाच कोअरवर चढतात, त्यामुळे कोअर ढीगभर असून एक कोअर हळू असेल तर काही खरं नाही. रॅमचं म्हणाल तर ती बोर्डावर चिकटवून यायला लागली तेव्हापासून '१६ च्या खाली नको' सुरू झालं, आधी लोक आठवर घेऊन नंतर वाढवायचे.

नोव्हेंबर २०२० ला मॅकवाल्यांची स्वतःची चिप एम-वन आली आणि यातलं बरंचसं उलटंपालटं झालं. एअरला तर पंखाच नाही, म्हणजे माईकजवळ ठेवला तरी घरघर नाही. पहिले काही महिने प्लगइन कंपन्यांचे 'अजून अपडेट करू नका' वाले मेल येत होते, ते सरलं. २०१६ मध्ये प्रोमधून काढलेलं एचडीएमआय आणि एसडीचं भोकही २०२१ ला परत आलं.

आपल्याकडे लाइव्ह करणाऱ्यांना एम-सीरिजचा खरा फायदा वेगळाच झाला, बॅटरीचा. मांडवात जनरेटर, अर्थिंगचा पत्ता नाही, लॅपटॉपचा अडॅप्टर दोन पिनचा, बॉडीला हात लावला की झिणझिण्या आणि स्पीकरमध्ये हम्म. अडॅप्टर काढला की हम बंद. जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर काढला तर दुसऱ्या सेटला मशीन झोपायचं, शिवाय बॅटरीवर प्रोसेसर आपोआप हळू व्हायचा, त्यामुळे मिक्सरवाल्याकडून आयसोलेशनवाला डीआय (मधे लावायचा, हम अडवणारा डबा) मागून घ्यावा लागायचा आणि तो त्याच्याकडे असेलच असं नाही. आता चार तास अडॅप्टरशिवाय निघतात आणि वेगही तोच राहतो. मे महिन्यातल्या लग्नात, पत्र्याच्या खाली, पंखा नसलेला एअर मात्र तापून हळू होतो, तिथे पंखेवाला प्रोच बरा.

विंडोजवरही आता आर्म (एम-वनच्याच जातीच्या) चिपचे लॅपटॉप आलेत, बॅटरी तशीच दणदणीत. जुनी सॉफ्टवेअर त्यावर इम्युलेशनने (जुन्या चिपची नक्कल करून) चालतात, पण ड्रायव्हर तसा चालत नाही, तो आर्मसाठी वेगळाच लिहावा लागतो. एएसआयओचा (आवाज कमी उशिराने आत-बाहेर नेणारा) ड्रायव्हर विंडोजमध्येच आयता देणार असं २०२४ ला जाहीर झालं होतं. तरी घेण्याआधी तुमच्या इंटरफेसच्या डाउनलोड पानावर आर्म लिहिलंय का ते बघा, नसेल तर दुकानदार बॅटरीचे कितीही तास सांगू दे, पैसे काढू नका.