आत्याचा जुना फ्रीज आणि नवा गॅस

इंदूरला रामबागेत माझ्या आत्याकडे १९९३ चा फ्रीज आहे, अजून चालू आहे, श्रीखंडाचा चक्का त्यातच ठेवते ती. मागच्या एप्रिलमध्ये कूलिंग गेलं, मेकॅनिक आला, उरलासुरला गॅस खिडकीबाहेर सोडला, "गॅस तो गॅस है" म्हणत १३४ए नावाचा नवा गॅस भरून गेला, आणि दोन महिन्यांत कंप्रेसर तापायला लागला. असे फ्रीज अजून बऱ्याच घरांत आहेत म्हणून काय चुकलं ते लिहितेय.

त्यात मूळचा गॅस आर-१२, म्हणजे सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन). त्यातला क्लोरीन वर जाऊन ओझोन मोडतो हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सांगितलं, १९८७ ला असे गॅस बंद करण्याचा मॉन्ट्रियल करार झाला, आपल्याकडे २००३ पासून नवीन फ्रीजमध्ये तो बंद. १३४ए मध्ये क्लोरीनच नाही, उकळतो पण जवळपास तेवढ्यालाच, आर-१२ उणे ३० ला तर हा उणे २६ ला. पण गाडी अडते ती तेलापाशी. कंप्रेसरचं थोडं तेल गॅसबरोबर सगळ्या पाइपांतून फिरून परत येत असतं, आर-१२ मध्ये मिनरल ऑइल विरघळायचं म्हणून ते परत यायचं, १३४ए मध्ये विरघळत नाही, मग ते फ्रीझरच्या गार कॉइलमध्ये साचून राहतं, कूलिंग कमी होतं आणि इकडे कंप्रेसरला तेल पुरत नाही. म्हणजे १३४ए भरायचाच तर आधीचं जवळजवळ सगळं तेल काढून १३४ए मध्ये विरघळणारं पीओई हे कृत्रिम तेल घालायचं आणि फिल्टर ड्रायर, म्हणजे ओलावा शोषणारी डबी, बदलायचा. पीओई हवेतला ओलावा भराभर ओढतं, पंपाने आतली हवा-ओल काढून व्हॅक्यूम नीट केला नाही तर कॅपिलरीत, म्हणजे गॅसच्या बारीक नळीत, बर्फ होऊन चोक. आणि घरच्या फ्रीजचा कंप्रेसर सीलबंद डबा असतो, तेल बदलायला तो सोडवून उलटा करावा लागतो, एवढं कोण करतं?

दुसऱ्या मेकॅनिकने प्रोपेन आणि आयसोब्युटेनचं निम्मं-निम्मं मिश्रण भरलं. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ ला, दोन्ही मिळून प्रेशर आर-१२ च्या आसपास येतं आणि मिनरल ऑइलशी त्यांचं जमतं, त्यामुळे तोच कंप्रेसर, तीच कॅपिलरी. नुसता आयसोब्युटेन, म्हणजे नव्या फ्रीजवर आर-६००ए लिहिलेलं असतं तो, इथे नाही चालत, त्याची वाफ विरळ, त्याला मोठा कंप्रेसर लागतो. हे मिश्रण वजनाने खूप कमी लागतं, आर-१२ १०० ग्रॅम असेल तिथे साधारण ४० ग्रॅम, म्हणून काट्यावर तोलूनच भरायचं, पाइप हाताला किती गार लागतो त्यावरून नाही.

आणि हे गॅस पेटतात हो, एलपीजीचेच भाऊबंद! आत लीक झाला तर बंद फ्रीजमध्ये थोडासुद्धा धोक्याचा, आणि थर्मोस्टॅट नि दिव्याच्या स्विचची ठिणगी आतच पडते. त्याने थर्मोस्टॅट बाहेर घेतला, स्विच सीलबंद लावला, कंप्रेसर सुरू करणारा स्विच, म्हणजे रिलेही बदलला, आधी नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड बघितला, आणि शेवटी मागे "ज्वलनशील गॅस" असं स्टिकर चिकटवलं, पुढच्या मेकॅनिकने गॅस असताना पाइप जोडायची पेटती टॉर्च लावू नये म्हणून. हे सगळं करत नसेल त्याच्याकडून हा गॅस भरून घेऊच नका.

मला सगळ्यात जास्त लागलं ते खिडकीबाहेर सोडलेल्या गॅसचं. ओझोनचं नुकसान तर आहेच, वर १०० ग्रॅम आर-१२ हवेत गेला तर तापमानवाढीच्या हिशोबाने तो एक टन कार्बन डायऑक्साइडहून जास्त भरतो. दुसऱ्या मेकॅनिकने आत होता तो १३४ए पण सिलिंडरमध्ये काढून घेतला, कारण तो ओझोनला काही करत नसला तरी उष्णता धरण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १४०० पट आहे.