व्हीबीमुळे ब्राउझर रखडतो? कोण म्हणालं!

एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइट बनवायच्या तंत्रातलं पेज हळू चाललं की कोणीतरी हमखास म्हणतंच, "व्हीबीत, म्हणजे व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलंय ना, बेसिक स्लोच असतं, सी शार्पमध्ये घ्या". हे साफ चूक आहे. ही समजूत ८०च्या दशकातल्या होम कॉम्प्युटरवरच्या इंटरप्रिटर (प्रोग्राम चालतानाच एकेक ओळ वाचत जाणाऱ्या) बेसिकची, आणि गंमत म्हणजे १९६४ मधलं डार्टमथचं मूळ बेसिक तर कंपायलरच (सगळा प्रोग्राम आधीच मशीनच्या भाषेत बदलणारा) होता! व्हीबी डॉट नेट आणि सी शार्प दोन्ही शेवटी एकाच इंटरमीडिएट लँग्वेजमध्ये कंपाइल होतात आणि सर्व्हरवर चालतात, ब्राउझरला तुमची व्हीबी दिसतसुद्धा नाही, त्याला फक्त एचटीएमएल मिळतं.

मग दुखणं कुठंय? पेजवर राइट क्लिक करून व्ह्यू सोर्स बघा. व्ह्यूस्टेट नावाच्या, पेजची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या हिडन फील्डमध्ये अगम्य अक्षरांची भलीमोठी शेपटी दिसली की समजायचं, मोठ्या ग्रिडव्ह्यूचा (पेजवरच्या तक्त्याचा) डेटा त्यात कोंबलाय, वर बेस६४ मुळे (डेटा साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीमुळे) तो साधारण एक तृतीयांश फुगलेला, आणि प्रत्येक बटण क्लिकला तो सगळा सर्व्हरकडे जातो नि परत येतो. गरज नसेल तिथे त्या ग्रिडचा व्ह्यूस्टेट बंद करा, पेजिंग लावा.

दुसरं, वेब कॉन्फिग या सेटिंग्जच्या फाइलमध्ये डीबग ट्रू राहिलंय का बघा, त्यामुळे वेबरिसोर्सच्या (एएसपी डॉट नेट स्वतः पाठवतं त्या) स्क्रिप्ट्स ब्राउझरमध्ये कॅशच होत नाहीत. बिल्डनंतरचा पहिला हिट तर हळू असणारच, त्यावरून मोजमाप करू नका राव. आणि ब्राउझरचं डेव्हटूल्स उघडं ठेवून 'डिसेबल कॅशे'वर टिक असेल तर आधी ती काढा!