गिअर खरडणं वेगळं, गिअर सुटणं वेगळं

घोडबंदर रोडला पाण्याच्या टँकरला जुंपलेला जुना मॅसी ३५ ट्रॅक्टर असो, नाहीतर मुरबाडकडे चिखलणी करून थकलेला, कांदिवलीच्या कारखान्यात बनलेला बी-२७५, मालकाची तक्रार एकच: "गिअर गेलाय." नक्की काय होतं म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "अहो, गिअर गेलाय ना!" मग एक मेकॅनिक क्लच बदलतो, दुसरा अख्खी गिअरची पेटी खोलतो आणि महिन्याभरात ट्रॅक्टर पुन्हा दारात उभा.

टाकताना खर्रकन आवाज येतो, हा एक आजार. टाकलेला गिअर चालता चालता निसटून न्यूट्रलला येतो, हा दुसरा. दोन्हीला 'गिअर गेला' म्हणणं म्हणजे खोकला आणि मोडलेलं हाड एकाच औषधानं बरं करायला जाणं.

खरडण्याचं थोडक्यात सांगतो, कारण क्लच सगळ्यांनाच कळतो. इंजिन सुरू, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. थांबूनही खरडला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. फ्री प्ले (पेडलचा मोकळा खेळ) जास्त असेल, फिंगर (क्लच सोडवणारे छोटे दांडे) खालीवर असतील किंवा फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग (शाफ्टचं टोक धरणारं) जाम असेल. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तेही आपल्याकडे नेहमीचंच. थांबल्यावर गुपचूप पडला तर मशीनचा दोष नाही, तुमच्या घाईचा आहे. या पेट्यांत सिंक्रोमेश, म्हणजे गिअर जुळण्याआधी दोघांचा वेग सारखा करणारी सोय, नाही, शाफ्ट थांबेपर्यंत धीर धरा.

आता सुटण्याकडे येऊ. सगळे इथेच फसतात.

लोक समजतात, दात झिजून बारीक झाले म्हणून गिअर सुटतो. नुसत्या बारीक दातानं आवाज वाढेल, गिअर सुटणार नाही. सुटतो तो दात तिरपा झिजल्यामुळे. मॅसी ३५ मध्ये गिअर स्वतः शाफ्टवर सरकून दुसऱ्यात शिरतो, म्हणजे प्रत्येक खरडण्याचा मार दाताच्या तोंडावर बसतो. तोंड झिजत झिजत दाताची पाचर होते. मग भार आला की दोन तिरपे पृष्ठभाग एकमेकांना बाजूला ढकलतात. फणसाची ओली आठळी चिमटीत दाबली की सुर्रकन निसटते ना, अगदी तसं. कॉन्स्टंट मेश पेटीत दात कायम एकमेकांत अडकलेले असतात आणि मार खातात ते डॉग, म्हणजे गिअर शाफ्टला जोडणारे खुंट. तिथे दात नव्यासारखे दिसतात, तरी गिअर सुटतो. "दात बघितले, चांगले आहेत" एवढ्यावर पेटी बंद करणारे म्हणूनच फसतात.

पण दरवेळी दातच दोषी नसतो. शिफ्टरच्या, म्हणजे लिव्हरच्या इशाऱ्यावर गिअर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या, दांडीला जागेवर धरायला स्प्रिंग आणि गोळी असते. भार नसताना नुसत्या खड्ड्यात आदळून गिअर सुटला तर आधी ती बघा. चढावर ओढताना किंवा उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सुटला तर दात, डॉग किंवा बेअरिंग झिजून पुढेमागे खेळणारा शाफ्ट. एकच गिअर सुटतो की सगळे, हेही विचारा. मॅसी ३५ मध्ये तीन पुढचे गिअर आणि हाय-लो (वेगवान आणि संथ अशा दोन पायऱ्या) मिळून सहा होतात. तिन्ही गिअर फक्त हायमध्येच सुटत असतील तर दोष हाय-लोच्या जोडणीत शोधा, मुख्य पेटीत नव्हे.

सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे लिव्हर दोरीनं बांधून ट्रॅक्टर चालवणं. बाहेर ढकलणारा जोर त्यानं संपत नाही, फोर्कवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्यावर, जातो. फोर्क घासून त्याचा चुरा तेलात मिसळतो. भरलेला टँकर घेऊन गायमुखच्या उतारावर दोरी सुटली तर काय होईल, ते मी सांगायला नको. लिव्हरवर हात ठेवून चालवणंही त्याच माळेतलं.

क्लच बदलायला ट्रॅक्टर मधोमध सोडावा लागतो, इंजिन एकीकडे आणि पेटी दुसरीकडे. शिफ्टर बघायला बहुतेक मॉडेलांत वरचं झाकण पुरतं. मॅसी ३५ ला त्या जागी स्टिअरिंगचा डबा बसलेला, म्हणून काम वाढतं, पण ट्रॅक्टर सोडावा लागत नाही. झाकणाआधी तेल काढा. राखाडी पीठ, म्हणजे धातूची बारीक पूड, असेल तर चालेल. धातूच्या खपल्या दिसल्या तर थांबा. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय, चिखलणीच्या ट्रॅक्टरला हमखास. दात पाचर झाले असतील तर गिअर जोडीनं बदला. जुन्या सोबत्यावर बसवलेला नवा लवकर त्याच वाटेनं जातो.

कोलशेतचा एक टँकरवाला दोनदा क्लच प्लेट बदलून माझ्याकडे आला होता. तक्रार काय, तर खड्ड्यात तिसरा सुटतो. झाकण काढलं, तर स्प्रिंगचे दोन तुकडे.