तीन, दोन, एक : जुळणीतल्या नेमक्या जागेची पार्श्वभूमी

असेंब्ली लाइनवर रोबोट बसला की बघणारे त्याच्या हाताकडे बघत राहतात. भाग ज्यावर टेकवून पकडतात ते फिक्श्चर कुणाच्या नजरेत भरत नाही. मला मात्र या इतिहासाचा खरा नायक तेच वाटतं.

१७८५ साली फ्रान्समध्ये ओनोरे ब्लांक या बंदूक कारागिराने अमेरिकेचे तिथले राजदूत थॉमस जेफरसन यांच्यापुढे पन्नास बंदुकांच्या चापयंत्रणांचे सुटे भाग ठेवले. हाताला येईल तो भाग उचलून जेफरसन यांनी काही यंत्रणा स्वतः जोडल्या, आणि त्या नीट बसल्या. तोवर प्रत्येक भाग जोडीदाराला जुळेपर्यंत कानशीने घासावा लागे. एकसारखे भाग हवेत तर प्रत्येक भाग कापणाऱ्या हत्याराखाली त्याच जागी धरायला हवा. जिग (हत्याराला वाट दाखवणारा साचा) आणि फिक्श्चर वाढले ते या गरजेतून. पुढे स्वीडनच्या रायफल कारखान्यातल्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे, घडवले आणि मोजमापाला भक्कम आधार मिळाला.

कुठलाही भाग सहा प्रकारे हलू शकतो : तीन दिशांना सरकतो, तीन अक्षांभोवती फिरतो. म्हणून तळाला तीन टेकू, बाजूला दोन, टोकाला एक. चुलीच्या तीन दगडांवर भांडं डुगडुगत नाही. चौथा दगड ठेवला की गडबड सुरू होते. भोकांवर भाग बसवायचा तर एक पिन गोल आणि दुसरी दोन बाजूंनी तासलेली, म्हणजे डायमंड पिन. दोन्ही गोल असल्या तर भोकांमधलं अंतर केसभर चुकलं तरी भाग अडकतो. डायमंड पिन तेवढी चूक पोटात घालते, पण भागाला फिरू देत नाही. इतक्या छोट्या वस्तूत इतका विचार सामावलेला मी क्वचित पाहिला आहे.

१९६१ साली न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट रोबोट कामाला लागला, तो गरम ओतीव भाग उचलायला. जुळणी त्याहून कठीण, कारण भोकात जाणारी पिन जराशी तिरकी झाली तरी रुतते. जपानच्या यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ मध्ये स्कारा रोबोटचा नमुना केला. तो आडव्या दिशेने किंचित लवतो, उभ्या दिशेने ताठ राहतो. त्यामुळे पिन आपली वाट शोधते.

रोबोट नेमका कुठे थांबतो हे सांगताना दोन गोष्टींची गल्लत होते. लोकल ठरल्या खुणेसमोरच थांबली, तर ती अचूकता. रोज दोन हात पुढे, पण त्याच खांबाशी थांबली, तर ती पुनरावृत्ती. रोज तेवढीच होणारी चूक प्रोग्रॅममध्ये एकदा दुरुस्त करता येते. रोज वेगळी होणारी चूक फिक्श्चरवरच आवरावी लागते.

मुंबईत या चुकीला उकाड्याची जोड मिळते. मापांचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. ३२ अंशांच्या शेडमध्ये एक मीटर पोलाद सुमारे ०.१४ मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. पोलादी फिक्श्चरवर ॲल्युमिनियमचा लांब भाग सकाळी अलगद बसतो आणि दुपारी पिनेवर घट्ट होतो. म्हणून चांगला फिटर पहिला भाग लाइन सुरू होताना तपासतो, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा.