लाल गोळी आणि काळी शी

गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी मी "लोहाच्या गोळ्या घेता का?" असं विचारत नाही. त्याला सगळ्याच हो म्हणतात. मी विचारते, "घरी किती उरल्यात?" मध्यंतरी सातव्या महिन्यातल्या एका ताईने पिशवीतून तीन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. सगळ्या मिळून दोनच गोळ्या फोडलेल्या. हिमोग्लोबिन ८.२. गरोदरपणात ते निदान ११ तरी हवं.

"सिस्टर, दोन दिवस घेतल्या तर शी काळीकुट्ट झाली. सासूबाई म्हणाल्या, बाधतंय, बंद कर."

काळा रंग येतो तो आतड्यात न शोषलेल्या लोहाचा. डांबरासारखी चिकट, घाण वासाची शी झाली तर मात्र आत रक्तस्राव असू शकतो, तेव्हा लगेच दवाखाना गाठायचा. हा फरक सांगायला अर्धं मिनिट लागतं. तो तिला पहिली पट्टी देतानाच कुणी सांगितला नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

हे लोह लागतं रक्तातल्या तांबड्या पेशींना. आपल्या हाडांच्या मगजात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. पेशी पक्व होताना स्वतःचं केंद्रक बाहेर टाकते, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन भरायला जागा होते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे जवळपास २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. केंद्रकच नसल्यामुळे पेशीला स्वतःची डागडुजी करता येत नाही, म्हणून १२० दिवसांत ती संपते. नव्या पेशी किती करायच्या, याचा निरोप मूत्रपिंडाकडून एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकामार्फत येतो. डायलिसिसच्या बहुतेक रुग्णांना याचंच इंजेक्शन द्यावं लागतं, कारण त्यांच्या मूत्रपिंडाकडून हा निरोप पुरेसा येत नाही.

लोहाच्या बाबतीत शरीर कमालीचं काटकसरी आहे. जुन्या पेशी मोडून रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत वापरात येतं, अन्नातून घेतलं जातं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, म्हणून आत येतानाच फाटक लावलेलं असतं. त्या फाटकावरचा पहारेकरी म्हणजे यकृतात तयार होणारं हेप्सिडिन. ते वाढलं की फाटक मिटतं. लोहाची गोळी घेतली की ते वाढतं आणि साधारण दिवसभर वाढलेलं राहतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांमध्ये गोळी एक दिवसाआड दिली तर रोजच्यापेक्षा तिचा जास्त वाटा अंगी लागतो. पण हे वाचून गरोदर बाईने आपल्या मनाने गोळी दिवसाआड करू नये. गरोदरपणाच्या उत्तरार्धात हेप्सिडिन आपोआप उतरतं, बाळासाठी फाटक उघडं राहतं, आणि हाताशी वेळही थोडा असतो.

आपल्या सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. यातल्या फॉलिक आम्लाची गोष्ट मुंबईची आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक वेगळाच अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्ताची कमतरता, होत होती, तांबड्या पेशी आकाराने मोठ्या पण संख्येने कमी. ती यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने बरी होते, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फोलेट, हे पुढे उलगडलं; गोळीतलं फॉलिक आम्ल हे त्याचंच रूप. त्या गिरणी कामगार बायकांचं नाव कुठे आलं नाही, पण आज प्रत्येक लाल गोळीत त्यांचा वाटा आहे.

गोळी लागू पडत नसेल किंवा दिवस भरत आले असतील, तर डॉक्टर आयर्न सुक्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं लोह, लिहितात. अँप्यूल फोडली की काळ्या चहासारखं गडद औषध दिसतं. २०० मिलिग्रॅम १०० मिलि सलाइनमध्ये मिसळून सावकाश सोडायचं. त्याआधी मी नुसतं सलाइन सोडून शीर नीट आहे ना ते बघते, कारण औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग कित्येक महिने राहतो. सुरुवातीची दहा मिनिटं मी पलंगाशेजारून हलत नाही. खाज, धाप, रक्तदाब घसरणं, काहीही दिसलं की ड्रिप बंद. विदर्भात किंवा नंदुरबारकडे तर त्याच्याही आधी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालेली हवी. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असं दरवेळी नसतं.

या ताईला ड्रिप लागली नाही. डॉक्टरांनी दिवसाला दोन गोळ्या लिहिल्या. कधी घ्यायच्या, ते आम्ही दोघींनी बसून ठरवलं. कॅल्शियमची गोळी ती जेवणासोबत घेत होती. लोह त्यापासून निदान दोन तास लांब, कारण दोन्ही एकत्र गेली तर लोह कमी शोषलं जातं. चहाही तासभर आधी नाही, नंतर नाही. सकाळी अकराला एक, रात्री निजताना एक, लिंबूपाण्याबरोबर. मळमळलं तर बंद न करता मला फोन.

आठवड्याभरात मगजातून कोवळ्या पेशी जास्त संख्येने रक्तात उतरू लागतात, पण हिमोग्लोबिनचा आकडा हलायला तीन-चार आठवडे जातात. महिन्याने ती आली, पिशवीतून रिकाम्या पट्ट्या काढल्या. हिमोग्लोबिन ९.५. या वेळी सासूबाई सोबत होत्या. बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज एक गोळी घ्यायची आहे आणि शी तोवर काळीच राहील, हे मी त्यांना शेजारी बसवून सांगितलं.