कुंडीतील बाग

कुंडी, डबा, पिंप, क्रेट किंवा जाड पिशवी अशा बंदिस्त जागेत माती भरून फुलझाडे, भाज्या, औषधी वनस्पती व लहान फळझाडे वाढवण्याची पद्धत. जमिनीचा तुकडा नसलेल्या घरांत बाल्कनी, खिडकीची जाळी, जिन्याचा कठडा आणि गच्ची या जागा त्यासाठी वापरतात. परसातल्या झाडाची मुळे ओलाव्याच्या शोधात खोल जातात. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. पाणी, खत आणि ऊन या तिन्हींसाठी ते सांभाळणाऱ्यावर अवलंबून असते. या पद्धतीतल्या बहुतेक अडचणी त्यातूनच येतात, आणि माणसाच्या मनाला होणारा लाभही बराचसा त्यातूनच येतो.

भांड्यात झाड लावणे फार जुने आहे. इजिप्तमध्ये देर अल-बाहरी येथील हत्शेपसुत राणीच्या मंदिरात (इ. स. पू. पंधरावे शतक) गंधरसाची (सुगंधी डिंक देणारी) झाडे टोपल्यांतून आणल्याची शिल्पे आहेत. प्राचीन अथेन्समध्ये अ‍ॅडोनिस या ग्रीक पुराणकथेतल्या तरुणाच्या उत्सवात स्त्रिया मातीच्या भांड्यांत लवकर उगवणारे बी पेरून ती छपरावर नेऊन ठेवत. आपल्याकडे घटस्थापनेला परडीत किंवा पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरतात आणि नऊ दिवस त्याची निगा राखतात. अंगणातली तुळसही चाळीत, पुढे फ्लॅटमध्ये आली ती डालड्याच्या किंवा रंगाच्या रिकाम्या डब्यातून. शेजारी ओवा, गवती चहा, अबोली अशी झाडे जमत गेली.

गच्चीवरच्या शेतीला महाराष्ट्रात शास्त्रीय बैठक मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवार’ चळवळीने थोड्या जागेत, पालापाचोळा व घरातल्या काडीकचऱ्यावर पीक घेण्याचे प्रयोग लोकांच्या हाती दिले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे, कंपोस्ट आणि थोडीशी माती पिशव्यांत व पिंपांत भरून गच्चीवर भाज्या आणि फळे घेतली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवरही तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली. या सगळ्यांत मातीचे प्रमाण कमी ठेवले होते, आणि त्याला वजनाचे कारण आहे. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. भिजलेल्या मातीचा १५ सेंटीमीटर जाडीचा थर तेवढ्याच जागेत अडीचशे किलोच्या पुढे जातो. म्हणून गच्चीभर मातीचे वाफे करण्याआधी संरचना अभियंत्याचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे. जड कुंड्या मधोमध न ठेवता तुळया आणि खांबांच्या जवळ ठेवाव्यात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सुका पाला आणि कंपोस्ट यांच्या मिश्रणाने वजन बरेच उतरते.

भाजीच्या मुळांप्रमाणे कुंडीची खोली ठरते. मेथी, कोथिंबीर, पालक यांना १५ सेंटीमीटर पुरतात. मिरची, टोमॅटो, वांगी यांना ३० तरी लागतात. लिंबू आणि कढीपत्त्याला ४५ च्या आसपास. फळभाज्यांना सहा तास थेट ऊन हवे. पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात, त्यामुळे पूर्वेची बाल्कनी त्यांना चालते.

झाडे दगावतात ती मात्र पाण्यावरून, आणि तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक. भोकातून पाणी निथळल्यावरही कुंडीच्या तळाचा एक थर ओलाच राहतो, कारण बारीक माती केशाकर्षणाने पाणी धरून ठेवते. तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. मातीतले पाणी खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ओला थर फक्त वर सरकतो आणि मुळांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. पाणी घालण्याआधी बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहणे ही सर्वांत खात्रीची परीक्षा होय. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडते, म्हणून ती थंड राहते पण लवकर सुकते; प्लॅस्टिकच्या कुंडीत ओल टिकते.

मनःस्वास्थ्याशी या बागेचा संबंध दाखवणारा एक प्रयोग थेट कुंडीतल्या रोपाचाच आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी तो केला. निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन मजल्यांवरच्या वृद्धांना रोपे मिळाली. एका मजल्यावर प्रत्येकाने आपले रोप निवडून स्वतः सांभाळायचे होते, दुसऱ्यावर परिचारिका पाणी घालणार होत्या. स्वतः सांभाळणारे अधिक उत्साही आणि सावध आढळले, आणि दीड वर्षानंतरही तो फरक दिसत होता. त्यांना दिनक्रमातले इतर निर्णयही घेऊ दिले होते, तेव्हा सगळे श्रेय रोपाला देता येणार नाही. तरीही रोप दोन्हीकडे होते आणि जबाबदारी एकीकडेच होती, हे फार महत्त्वाचे आहे. नुसती हिरवाई पाहणे आणि तिच्यासाठी रोज उठून काही करणे यांत अंतर आहे. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर रिकाम्या झालेल्या घरात सकाळी झारी घेऊन बाल्कनीत जाण्याचे मोल या दृष्टीने समजून घ्यायला हवे.

नेदरलँड्समध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताण देणारे काम उरकल्यावर काहींनी अर्धा तास बागकाम केले, काहींनी वाचन. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दोन्ही गटांत उतरले, बागकाम करणाऱ्यांत अधिक. ते वाफे जमिनीतले होते आणि सहभागी थोडे होते. निष्कर्ष बाल्कनीला लावताना हे ध्यानात ठेवावे. घरातल्या कुंड्या हवा शुद्ध करतात या दाव्याला मात्र आधार तोकडा आहे. तो नासाच्या १९८९ च्या बंद पेटीतल्या चाचण्यांवरून पसरला. नेहमीच्या खोलीत खेळत्या हवेइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित शेकडो झाडे लागतील, असे नंतरच्या आढाव्यात दिसले.

आरोग्याची एक काळजी बागेतूनच उद्भवते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो, आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. पावसाळ्यात ताटल्या काढून टाकाव्यात. एरवी आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही तग धरतात.