पैसे आहेत, पण अठ्ठावीस दिवस आहेत का?

यूकेला शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी

पासपोर्ट हातात आहे, आयईएलटीएस झाली आहे, विद्यापीठाचं ऑफर लेटर आलं आहे, असं धरूनच हे पत्रक लिहिलंय. त्यात आपली मुलं कुठे कमी पडत नाहीत. घोडं अडतं ते बँकेच्या खात्यावर. जून-जुलैत आमच्या जळगावच्या व्हिसा सल्ल्याच्या ऑफिसात निम्मा दिवस एकाच प्रश्नात जातो, म्हणून एकदाचं छापून टाकलं.

तो प्रश्न असा: "पैसा शे ना भाऊ, मग आखो काय?" म्हणजे पैसा आहे ना, मग आणखी काय हवं?

पैसा आहे, हे आम्हाला कळतं. तुमची केळी आम्ही पाहिलेली असते. व्हिसा अधिकाऱ्यापुढे मात्र फक्त स्टेटमेंट असतं. त्याचा हिशेब सरळ आहे. लागणारी पूर्ण रक्कम खात्यात सलग 28 दिवस पडून पाहिजे. मधल्या एका दिवशीही शिल्लक त्याखाली जायला नको. आणि ते 28 दिवस जिथे संपतात ती तारीख अर्ज भरण्याच्या दिवसापासून 31 दिवसांच्या आतली हवी. म्हणजे गेल्या दिवाळीत पैसे पडून होते, हे आज उपयोगाचं नाही.

रक्कम किती? पहिल्या वर्षाच्या फीपैकी कॅसवर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या प्रवेशाच्या दाखल्यावर, जी बाकी दिसते ती, अधिक नऊ महिन्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च. नोव्हेंबर 2025 पासूनचा दर लंडनबाहेर महिना 1,171 पौंड आणि लंडनमध्ये 1,529 पौंड. लंडनबाहेरचे नऊ महिने म्हणजे 10,539 पौंड झाले.

आता चूक कुठे होते ते सांगतो. यावल तालुक्यातले एक नाना होते. सगळे कागद चोख, रक्कम पूर्ण, दिवस मोजणं सुरू. एकोणिसाव्या दिवशी मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावायच्या केळीची, टिश्यू कल्चरची रोपं उचलायची वेळ आली. नानांनी त्याच खात्यातून रोपवाटिकेला साठ हजार दिले आणि तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याकडून आले तसे परतही टाकले. आम्हाला सांगायचं कारणच त्यांना वाटलं नाही. स्टेटमेंट आलं, तर मध्ये तीन ओळींत शिल्लक लागणाऱ्या रकमेपेक्षा बावीस हजारांनी कमी. मुलगा म्हणाला, "काका, पण परत टाकलेत ना!" टाकले, खरं आहे. पण मोजणी पुन्हा एकपासून. तेवढ्यात विद्यापीठाची हजर होण्याची शेवटची तारीख निघून गेली आणि पोरगा सप्टेंबरऐवजी जानेवारीत गेला. नानांना दोष कसा द्यायचा? रोपं काही थांबत नाहीत. शेतीचं खातं आणि व्हिसाचं खातं एकच ठेवलं, तिथे घोळ झाला.

म्हणून पहिल्या भेटीतच आम्ही वेगळं खातं उघडायला लावतो. त्याला एटीएम कार्ड नको, फोनवरचं पेमेंट जोडायला नको, विम्याचा किंवा ट्रॅक्टरचा हप्ता आपोआप कापला जाईल असं काही नको. विद्यापीठाला भरायची आगाऊ रक्कमही त्यातून नको, ती आधी दुसरीकडून भरून टाका. मुदत ठेव चालते, पण हवी तेव्हा मोडता येणारी. आणि लागते त्यापेक्षा निदान पाच टक्के जास्त ठेवा. रुपयांचे पौंड अर्जाच्या दिवशीच्या दराने धरतात, त्या महिन्यात पौंड चढला तर काठोकाठ ठेवलेली रक्कम तोकडी पडते.

खातं कोणाचं, यावरही दर वर्षी वाद होतो. विद्यार्थ्याचं, आईचं किंवा वडिलांचं. काकांचं नाही, पुण्यातल्या मोठ्या भावाचं नाही, आजोबांचं तर नाहीच. एकत्र कुटुंबात हे पटत नाही, कारण पैसा सगळ्यांचा असतो आणि खातं बहुतेक वेळा मोठ्या काकांच्या नावावर. अमेरिकेसाठी काका स्पॉन्सर होऊ शकतात, त्यावरून गैरसमज पसरलाय. पैसे आई-वडिलांच्या नावावर असतील तर मुलाचा जन्मदाखला आणि पालकांचं संमतिपत्र लागतं. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, ते आम्ही करून घेतो.

पैसे आले कुठून, याचेही कागद जपून ठेवा. केळीची किंवा कापसाची पट्टी (व्यापाऱ्याची विक्रीची पावती), सोनं मोडलं तर सराफाची पावती, जमीन विकली तर खरेदीखत. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून बरेच जण रिटर्नच भरत नाहीत, मग अचानक आलेल्या वीस लाखांचं उत्तर त्या पट्टीशिवाय देता येत नाही. पतपेढीची ठेव पावती आम्ही फाईलला लावत नाही. पतपेढ्यांत किती जणांच्या ठेवी अडकल्या, ते जळगाव जिल्ह्यात वेगळं सांगायला नको.

काही ठिकाणी टक्क्यावर "फंड दाखवून" मिळतो, हे आम्हालाही माहीत आहे. आमच्याकडे मिळत नाही. खोटे कागद सापडले तर यूकेचं दार दहा वर्षं बंद होऊ शकतं, आणि ते बंद होतं मुलाला, एजंटला नाही.

रोकड उभी करणं जड जात असेल तर शैक्षणिक कर्जाचा विचार करा. विद्यार्थ्याच्या नावाने मंजूर झालेल्या कर्जाच्या पत्राला 28 दिवसांची अट नाही, पत्र अर्जाच्या आधी सहा महिन्यांच्या आतलं हवं. बँकेला चालेल अशा मजकुराचा नमुना आमच्याकडे आहे, विद्यार्थ्यांना फुकट देतो.

जर्मनीचं वेगळं आहे. तिथे ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो भरायचे आणि त्याआधी एपीएस, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र, काढायचं. कॅनडाचे नियम अलीकडे फार बदललेत, त्यासाठी समक्षच या.

आम्ही दर सोमवारी पासबुकाचा फोटो मागतो, त्याचा काही पालकांना राग येतो. "एवढा अविश्वास?" असं एक ताई तोंडावर म्हणाल्या. अविश्वास नाही, नानांची फाईल आठवते. 28 दिवस पूर्ण झालेले स्वतः पाहिल्याशिवाय आम्ही अर्ज सबमिट करत नाही, कोणी कितीही घाई केली तरी. आमची निम्मी फी सुरुवातीला आणि निम्मी अर्ज गेल्यावर, ती याच कामाची आहे. फॉर्म तर कोणीही भरून देईल.

सप्टेंबरला जायचं असेल तर पहिली भेट आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घ्या. येताना पासबुक भरून आणा, एटीएमची चिठ्ठी नको. ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांना सोबत आणा, नुसत्या मुलाला पाठवू नका. आखाजीचे दोन दिवस ऑफिस बंद असतं, तेव्हा फोनही लागत नाही.